शेअरपॉइंटच्या फॉर्मला स्क्रिप्ट जोडताना: जिल्हा, तालुका आणि बाकीच्या भानगडी

ऑफिसात शेअरपॉइंट (माहिती लिस्टमध्ये साठवून सगळ्यांनी मिळून वापरायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) सुरू झालं की पहिली मागणी जवळपास ठरलेली असते: "जिल्हा निवडला की खाली त्याच जिल्ह्याचे तालुके दिसले पाहिजेत." शेअरपॉइंटच्या लिस्टमध्ये हे आपसूक होत नाही. जिल्ह्यांची एक लिस्ट, तालुक्यांची दुसरी आणि मुख्य लिस्टमध्ये दोन्हींचे लुकअप कॉलम (दुसऱ्या लिस्टमधून मूल्य निवडून घेणारे), इथपर्यंतचं काम माउसने होतं. पण त्या दोन लुकअपना एकमेकांचा पत्ता नसतो. तालुक्याचा ड्रॉपडाउन उघडला की महाराष्ट्रातले सगळे ३५८ तालुके एकाखाली एक. त्यात खेड दोनदा (एक पुण्यातलं, एक रत्नागिरीतलं), कर्जत दोनदा (रायगड आणि अहिल्यानगर), मालेगाव दोनदा (नाशिक आणि वाशीम). कुठलं खेड निवडलं हे भरणाऱ्याला कळत नाही, आणि महिनाअखेरीस रिपोर्ट काढणाऱ्यालाही नाही.

या पोस्टमध्ये उदाहरण म्हणून खरेदी मागणीची लिस्ट घेऊ: जिल्हा, तालुका, रक्कम, कारण, अर्ज दिनांक. सर्व्हर कंपनीच्या स्वतःच्या आवारातला, म्हणजे शेअरपॉइंट २०१९ किंवा सबस्क्रिप्शन एडिशन, आणि फॉर्म क्लासिक, म्हणजे जुन्या पद्धतीचे. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या ऑनलाइन साइटवर चित्र वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी.

एक पथ्य आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचा कोड) ब्राउझरमध्ये चालते आणि फक्त त्या एका फॉर्मच्या पानावर चालते. लिस्टमध्ये माहिती शिरायला मात्र दारं बरीच आहेत: क्विक एडिट (लिस्ट तक्त्यासारखी थेट भरणं), एक्सेल, अ‍ॅक्सेस, वर्कफ्लो, रेस्ट (वेब-पत्त्यावरून लिस्टची माहिती वाचायची-लिहायची सोय). म्हणून "हे चुकलं तर नुकसान होईल" असा प्रत्येक नियम लिस्टवर किंवा सर्व्हरवर हवा, आणि "हे असलं तर भरणाऱ्याला सोपं जाईल" अशी प्रत्येक सोय स्क्रिप्टमध्ये चालेल. अनेक ठिकाणी नेमकं उलटं केलेलं दिसतं.

कॉलमचं नाव आधी रोमनमध्ये

मराठी वापरणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो आणि इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. कॉलमला दोन नावं असतात. एक दिसणारं, ते कधीही बदलता येतं. दुसरं अंतर्गत, ते कॉलम तयार होताना एकदाच ठरतं आणि आयुष्यभर तेच राहतं. स्क्रिप्टला अंतर्गत नाव लागतं.

अंतर्गत नावात स्पेस किंवा देवनागरी अक्षर चालत नाही. शेअरपॉइंट अशा प्रत्येक चिन्हाऐवजी अंडरस्कोर, एक्स, चार आकडी युनिकोड क्रमांक आणि पुन्हा अंडरस्कोर असं लिहितो. एका चिन्हाची सात अक्षरं होतात. अंतर्गत नावाची मर्यादा ३२ अक्षरांची. आता "अर्ज दिनांक" घ्या. अ, र, हलन्त, ज ही युनिकोडच्या हिशेबाने चार चिन्हं, म्हणजे २८ अक्षरं तिथेच संपली. पाचवं चिन्ह स्पेसचं, त्याची पहिली चार अक्षरं बसतात आणि नाव कापलं जातं. "दिनांक" नावात उतरतच नाही. मग तुम्ही "अर्ज क्रमांक" नावाचा कॉलम केला की त्याचंही नाव अगदी त्याच जागी कापलं जातं, आणि दोन सारखी नावं नकोत म्हणून शेअरपॉइंट दुसऱ्याच्या मागे एक आकडा चिकटवतो. "अर्ज प्रकार" केला की त्याच्यामागे पुढचा आकडा. स्क्रिप्टमध्ये ही तिन्ही नावं बघून कुठला कॉलम कुठला हे ओळखणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. शिवाय ही नावं अंडरस्कोरने सुरू होतात, आणि अशा कॉलमला रेस्टमधून हाक मारताना पुढे 'ओडेटा' आणि एक अंडरस्कोर लावावा लागतो. तो नसला की "असा कॉलम नाही" असा एरर येतो आणि माणूस स्पेलिंग तपासत बसतो.

उपाय सोपा आहे. कॉलम तयार करताना नाव रोमन लिपीत, स्पेस न देता, छोटं ठेवायचं. सेव्ह करायचं. मग पुन्हा उघडून दिसणारं नाव मराठीत बदलायचं. लिस्टच्या नावाचंही तसंच करा, नाहीतर लिस्टचा पत्ता टक्के-चिन्हांनी भरतो. आधीच झालेल्या कॉलमचं अंतर्गत नाव बघायचं असेल तर लिस्ट सेटिंग्जमध्ये कॉलमवर क्लिक करून पत्त्याच्या शेवटी, 'फील्ड' शब्दानंतर काय आहे ते बघा. तिथे अंडरस्कोर टक्के-पाच-एफ असा दिसतो, तो परत अंडरस्कोर समजून वाचायचा.

स्क्रिप्ट ठेवायची कुठे

फाईल एखाद्या डॉक्युमेंट लायब्ररीत ठेवून पानाला जोडायची. जोडायच्या दोन वाटा कामाच्या आहेत. पहिली, न्यू आणि एडिट फॉर्मचं पान एडिट मोडमध्ये उघडून फॉर्मच्या खाली कंटेंट एडिटर वेब पार्ट (पानावर ठेवायचा तयार भाग) टाकायचा आणि त्याच्या कंटेंट लिंकमध्ये फाईलचा पत्ता द्यायचा. वेब पार्टच्या आत थेट कोड चिकटवू नका. एडिटर तो आपल्या मर्जीने बदलतो, आणि कोड कुठल्या पानाच्या पोटात आहे हे सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही. दुसरी वाट जेएसलिंकची (कॉलम कसा रंगवायचा हे सांगणारी स्क्रिप्टची फाईल जोडायची सोय), ती शेअरपॉइंट २०१३ पासून आहे. फॉर्मच्या किंवा व्ह्यूच्या वेब पार्टच्या प्रॉपर्टीजमध्ये मिसलेनियस विभागात जेएस लिंक नावाची चौकट असते. तिथे पूर्ण पत्ता न देता टिल्ड-साइट किंवा टिल्ड-साइटकलेक्शन या टोकनने सुरुवात करायची. एकाहून जास्त फाईली असतील तर मध्ये उभी रेघ.

माझं मत विचाराल तर नियम असा: एखादा कॉलम कसा दिसतो ते बदलायचं असेल (लाल-हिरवा बिल्ला, प्रगतीची पट्टी) तर जेएसलिंक; दोन-तीन कॉलमचं एकमेकांशी नातं जुळवायचं असेल तर फॉर्मखालची साधी स्क्रिप्ट. जेएसलिंकमधून तालुके बदलायला गेलात तर एक गोष्ट आडवी येते. फॉर्ममध्ये प्रत्येक कॉलम स्वतंत्रपणे रंगवला जातो, त्यामुळे ऑन-पोस्ट-रेंडर हे फंक्शन कॉलम जितके तितक्या वेळा चालतं. पहिल्या वेळी तालुक्याचा ड्रॉपडाउन पानावर आलेलाच नसतो, आणि शेवटपर्यंत तुमचा चेंज हँडलर (मूल्य बदललं की चालणारं फंक्शन) दहादा जोडला गेलेला असतो.

जेएसलिंकने फॉर्ममधला कॉलम स्वतः रंगवणार असाल तर त्याची किंमत मोजावी लागते. शेअरपॉइंटला तुमची चौकट ओळखीची नसते. चालू कॉलमचा फॉर्म कॉन्टेक्स्ट मिळवून त्यावर रजिस्टर-गेट-व्हॅल्यू-कॉलबॅक (सेव्हच्या वेळी चौकटीतलं मूल्य देणारं फंक्शन) नोंदवला नाही, तर चौकट सुंदर दिसते, भरता येते, सेव्हही होते आणि लिस्टमध्ये त्या कॉलमचं मूल्य येत नाही. एरर नाही, सूचना नाही. व्हॅलिडेशनची चूक दाखवायची असेल तर त्याचाही वेगळा कॉलबॅक लागतो. बहुतेक गरजा एवढ्या खटाटोपाच्या नसतात, मूळची चौकट राहू द्या.

टीम साइटवर मिनिमल डाउनलोड स्ट्रॅटेजी नावाचं फीचर सहसा चालू असतं (पत्त्यात स्टार्ट-डॉट-एएसपीएक्स दिसलं की समजा). ते पान पूर्ण नव्याने न आणता फक्त बदललेला भाग आणतं. परिणाम: जेएसलिंकची फाईल पहिल्यांदा चालते, दुसऱ्या पानावर जाऊन परत आलं की बिल्ले गायब, एफ-५ दाबलं की परत हजर. "कधी दिसतं, कधी नाही" अशी तक्रार आली की आधी इथे बघायचं. नोंदणीचं फंक्शन रजिस्टर-मॉड्यूल-इनिटमधून, फाईलच्या सर्व्हर-सापेक्ष पत्त्यासह पुन्हा नोंदवावं, किंवा साइट फीचर्समधून ते फीचर बंद करावं. अंतर्गत साइटला त्या फीचरने वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही, म्हणून बंद करणंच बरं.

आणि कॅलेंडर व सर्व्हे प्रकारच्या लिस्टवर जेएसलिंक लागू होत नाही. २०१९ मध्ये लिस्ट मॉडर्न, म्हणजे नव्या रूपात उघडत असेल तर तिथेही नाही. अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये लिस्ट एक्सपीरियन्स क्लासिक करावा लागतो.

तालुक्यांचं काम, पायरीपायरीने

स्क्रिप्ट लिहिण्याआधी तालुक्यांची लिस्ट नीट करा. टायटल कॉलममध्ये नुसतं "खेड" ठेवण्याऐवजी "खेड, पुणे" आणि "खेड, रत्नागिरी" असं ठेवा. एक्सेलमध्ये दोन कॉलम जोडून एकदाच पेस्ट करायचं काम आहे. यामुळे उद्या स्क्रिप्ट बंद पडली तरी ३५८ नावांतून माणूस बरोबर नाव निवडू शकतो. जिल्ह्याचा लुकअप त्याच लिस्टमध्ये दुसऱ्या कॉलममध्ये.

आता स्क्रिप्ट. पान उघडताच रेस्टने तालुक्यांची लिस्ट मागवायची, फक्त दोन गोष्टी: तालुक्याचा आयडी आणि जिल्ह्याचा आयडी. लुकअप कॉलमचा आयडी हवा असेल तर अंतर्गत नावामागे 'आयडी' जोडून मागायचा, एक्स्पांड करायची गरज नाही. इथे डॉलर-टॉप द्यायला विसरू नका. रेस्ट न सांगता फक्त १०० ओळी देतं. टेस्टिंगला लिस्टमध्ये वीस तालुके घातलेले असतात, सगळं छान चालतं. पूर्ण ३५८ भरले की निम्म्याहून जास्त जिल्हे तालुक्यांविना दिसतात. टॉप ५०० द्या, काम झालं.

मग फॉर्ममधले दोन ड्रॉपडाउन शोधायचे. इंटरनेटवरच्या जुन्या कोडमध्ये ते टायटल अ‍ॅट्रिब्यूटवरून शोधलेले असतात. तसं करू नका. टायटलमध्ये दिसणारं नाव असतं. कुणी कॉलमचं नाव बदललं की स्क्रिप्ट मेली. कॉलम अनिवार्य केला की २०१३ पासून त्या टायटलमागे 'रिक्वायर्ड फील्ड' हे शब्द येतात, पुन्हा मेली. हिंदी भाषापॅक लावून कुणी साइट हिंदीत बघत असेल तर ते शब्दही वेगळे. त्यापेक्षा एलिमेंटच्या आयडीची सुरुवात बघा: आधी अंतर्गत नाव, मग अंडरस्कोर, मग कॉलमचा जीयूआयडी (शेअरपॉइंटने दिलेला एकमेव ओळख-क्रमांक) आणि शेवटी कंट्रोलचा प्रकार. "आयडी अमुक नाव आणि अंडरस्कोरने सुरू होतो असा सिलेक्ट" असं क्वेरी-सिलेक्टरने विचारलं की तोच सापडतो. एवढ्यासाठी जेक्वेरी आणायचीही गरज नाही.

तालुक्याच्या ड्रॉपडाउनमधल्या सगळ्या पर्यायांची प्रत एका अ‍ॅरेमध्ये ठेवायची. जिल्हा बदलला की ड्रॉपडाउन रिकामा करून त्यात पहिला रिकामा पर्याय आणि त्यानंतर जुळणारे पर्याय परत घालायचे. जुळवताना आयडीला आयडी, नावाला नाव कधीच नाही. वरची तीन गावं आठवा. पर्याय नुसते सीएसएसने लपवून चालत नाहीत, सफारी आणि इंटरनेट एक्सप्लोररमध्ये लपवलेले पर्यायही दिसतात. काढूनच टाकावे लागतात.

दोन कोपरे राहतात. पहिला, एडिट फॉर्म. जुनी नोंद उघडली की जिल्हा आधीच निवडलेला असतो, म्हणून लोक पान उघडताच तोच चेंज हँडलर एकदा चालवतात. तो तालुका रिकामा करतो. माणूस फक्त रक्कम सुधारायला आलेला असतो, सेव्ह दाबतो आणि तालुका उडतो. म्हणून पहिल्या वेळी सध्याचं मूल्य आधी बाजूला ठेवायचं, यादी गाळायची आणि मग तेच मूल्य परत निवडायचं. दुसरा कोपरा मुंबई शहर जिल्हा. त्यात तालुकाच नाही. (उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे तीन आहेत.) तालुका अनिवार्य असेल तर मुंबई शहरातली मागणी कधी सेव्हच होणार नाही. तालुक्यांच्या लिस्टमध्ये "मुंबई शहर (तालुका नाही)" अशी एक ओळ घाला. हा विशेष प्रसंग कोडमध्ये लिहून ठेवण्यापेक्षा लिस्टमध्ये एक ओळ वाढवलेली केव्हाही बरी.

सेव्हच्या आधीची तपासणी

पानावर प्रीसेव्हअ‍ॅक्शन नावाचं ग्लोबल फंक्शन असेल तर क्लासिक फॉर्म सेव्ह करण्याआधी ते बोलावतो. ट्रू दिलं तर सेव्ह होतं, फॉल्स दिलं तर थांबतं. सोपं आणि जुनं हत्यार. मर्यादा दोन. नाव एकच असल्यामुळे दोन फाईलींमध्ये ते लिहिलेलं असेल तर नंतर लोड झालेली फाईल जिंकते आणि आधीची तपासणी गुपचूप बंद होते. आणि हे फंक्शन थांबून राहत नाही. त्याच्या आत रेस्टला विचारून उत्तराची वाट बघता येत नाही, उत्तर यायच्या आत ट्रू किंवा फॉल्स द्यावं लागतं. विभागाचं बजेट शिल्लक आहे का हे तपासायचं असेल तर ते विभाग निवडला तेव्हाच मागवून ठेवा, आणि सेव्हच्या वेळी फक्त हाताशी असलेल्या आकड्याशी तुलना करा.

रकमेची तुलना करताना मराठी कीबोर्डची गाठ पडते. "१२५" हे जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोटला (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) आकडा वाटत नाही, उत्तर येतं नॅन, म्हणजे 'आकडा नाही'. नॅनची कुठल्याही आकड्याशी तुलना केली की उत्तर फॉल्स, म्हणून "रक्कम ५०,००० पेक्षा जास्त असेल तर कारण हवं" ही अट शांतपणे ओलांडली जाते. सर्व्हरही देवनागरी आकडे नंबर कॉलममध्ये घेत नाही. चौकटीतून बाहेर पडताना प्रत्येक देवनागरी अंक रोमन अंकात बदलून टाका; शून्य ते नऊ हे युनिकोडमध्ये ०९६६ ते ०९६एफ असे ओळीने आहेत, वजाबाकी केली की झालं. स्वल्पविराम याहून घातक. "1,25,000" पार्सफ्लोटला दिलं की तो पहिल्या स्वल्पविरामाला थांबतो आणि 1 देतो. सव्वा लाखाची मागणी एक रुपयाची ठरून तपासणीतून पास. आधी स्वल्पविराम काढा, मग आकडा करा. फॉर्मवर लाखाच्या पद्धतीने रक्कम दाखवायची हौस असेल तर शेजारी वेगळ्या मजकुरात दाखवा. तिथे लोकेल 'एमआर-आयएन' दिलं तर आकडे देवनागरीत येतात आणि 'ईएन-आयएन' दिलं तर रोमनमध्ये, गट दोन्हीकडे लाखाचेच. मूळ चौकटीत मात्र साधे रोमन अंक.

तारखेचंही सांगून टाकतो. रेस्ट तारीख यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देतं. साइटची वेळ भारतीय असेल तर "१५ ऑगस्ट" अशी फक्त-तारीख नोंद तिकडून १४ ऑगस्ट, १८:३० अशी येते, कारण आपली मध्यरात्र यूटीसीच्या साडेपाच तास आधी होते. उत्तराची पहिली दहा अक्षरं कापून तारीख दाखवणारी स्क्रिप्ट रोज एक दिवस मागे असते. डेट ऑब्जेक्ट करून स्थानिक दिवस काढा. आणि साइटच्या रीजनल सेटिंग्जमध्ये टाइम झोन खरंच भारताचा आहे का ते एकदा बघा; पॅसिफिकवर राहून गेलेल्या साइटी अजून सापडतात.

मागच्या दाराचा बंदोबस्त

आता इतकी मेहनत घेऊन बनवलेला फॉर्म कुणी क्विक एडिट दाबून वळसा घालू शकतो. तिथे तुमची स्क्रिप्ट नाही, प्रीसेव्हअ‍ॅक्शन नाही, गाळलेले तालुके नाहीत. अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये क्विक एडिट बंद करता येतं, ते करा. पण रक्कम आणि कारणाचा नियम लिस्टच्या व्हॅलिडेशन सेटिंग्जमध्ये सूत्र म्हणून लिहा: रक्कम ५०,००० किंवा कमी, नाहीतर कारणाची लांबी शून्यापेक्षा जास्त. हे सर्व्हरवर तपासलं जातं, माहिती कुठूनही आली तरी. सूत्रात मल्टि-लाइन मजकूर, लुकअप आणि व्यक्तीचा कॉलम चालत नाही. म्हणून कारण सिंगल-लाइन ठेवा. २५५ अक्षरांत खरेदीचं कारण मावतं. तालुका त्या जिल्ह्यातला आहे का, हे लुकअपमुळे सूत्रात येणार नाही. त्यासाठी सर्व्हरवर इव्हेंट रिसीव्हर (नोंद सेव्ह होताना चालणारा कोड) लागेल, किंवा रिपोर्ट काढताना जिल्हा तालुक्यांच्या लिस्टवरूनच घ्या, म्हणजे मुख्य लिस्टमधला जिल्हा चुकला तरी हिशेब चुकत नाही. मला दुसरं पटतं.

स्क्रिप्टने कॉलम लपवणं म्हणजे गुप्तता नाही. शेअरपॉइंटमध्ये कॉलमपुरती परमिशन देता येत नाही. ज्याला ओळ वाचता येते त्याला ओळीतलं सगळं वाचता येतं, व्ह्यू बदलून किंवा एफ-१२ दाबून. पुरवठादाराचा दर सगळ्यांना दिसायला नको असेल तर तो वेगळ्या लिस्टमध्ये, वेगळ्या परमिशनसह.

याहून मोठी गोष्ट लोक विसरतात ती स्क्रिप्टच्या फाईलची. साइट अ‍ॅसेट्समध्ये साइटच्या सर्व मेंबरना बदल करायचा हक्क असतो. स्क्रिप्ट मात्र जो फॉर्म उघडतो त्याच्या हक्काने चालते. म्हणजे एखाद्या मेंबरने फाईलमध्ये चार ओळी घातल्या आणि साइटच्या मालकाने फॉर्म उघडला, तर त्या चार ओळी मालकाच्या अधिकारात चालतात. परमिशन देणं, लिस्ट उडवणं, काहीही. स्क्रिप्टसाठी वेगळी लायब्ररी करा, परमिशनचा वारसा तोडा, सगळ्यांना फक्त वाचायचा हक्क, बदलायचा हक्क दोघांना. व्हर्जनिंग चालू ठेवा. त्याच जातीची दुसरी चूक: जेएसलिंकच्या व्ह्यूमध्ये कॉलमचा मजकूर जसाच्या तसा एचटीएमएलमध्ये घालणं. कुणी टायटलमध्ये स्क्रिप्टचा टॅग लिहून ठेवला की तो सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये चालतो. एसटीएस-एचटीएमएल-एन्कोड हे फंक्शन पानावर आधीच असतं, त्यातून मजकूर काढून घ्या.

प्रकाशनाची लायब्ररी वापरत असाल (स्टाइल लायब्ररी वगैरे) तर फाईल चेक-इन करून मेजर व्हर्जन प्रकाशित झाल्याशिवाय इतरांना दिसत नाही. तुम्हाला दिसते, कारण ड्राफ्ट तुमचा. "माझ्याकडे चालतंय" या वाक्याचा उगम निम्म्या वेळा इथे असतो. उरलेला निम्मा ब्राउझर कॅशमध्ये. मोठा बदल केला की फाईलच्या नावातच आवृत्तीचा आकडा बदला आणि लिंक सुधारा.

लिस्ट वाढल्यावर

मुख्य लिस्टवर फिल्टर लावून काही मोजणारी स्क्रिप्ट असेल (या जिल्ह्याच्या प्रलंबित मागण्या किती, अशी), तर ५,००० ओळींचा उंबरठा लक्षात ठेवा. फिल्टरचा कॉलम इंडेक्स केलेला (झटपट शोधासाठी सूची केलेला) नसेल तर लिस्ट ५,००० च्या पुढे गेली की विनंतीच नाकारली जाते, मग उत्तर तीन ओळींचं का असेना. एसक्यूएल सर्व्हर एका झटक्यात साधारण तितक्या ओळींना कुलूप लावायची वेळ आली की पूर्ण टेबललाच लावतो, आणि त्या टेबलात इतर साइटींच्या लिस्टही असतात. म्हणून ही अडवणूक. जिल्हा आणि स्थिती हे दोन कॉलम लिस्ट छोटी असतानाच इंडेक्स करा. एका लिस्टवर २० इंडेक्सपर्यंत परवानगी आहे.

स्क्रिप्टने दुसऱ्या लिस्टमध्ये लिहायचं असेल तर पानातल्या लपलेल्या चौकटीतून रिक्वेस्ट डायजेस्ट (विनंती याच पानावरून आल्याची तात्पुरती खूण) घेऊन हेडरमध्ये द्यावा लागतो. त्याचं आयुष्य सहसा ३० मिनिटं. फॉर्म उघडा ठेवून कुणी जेवायला गेलं की परतल्यावर ४०३ एरर. लिहायच्या आधी कॉन्टेक्स्टइन्फोला पोस्ट करून ताजा डायजेस्ट घ्या.

पान एडिट करताना फॉर्मचा मूळ वेब पार्ट चुकून डिलीट करू नका. आणि चुकीच्या स्क्रिप्टमुळे पान उघडेनासंच झालं तर पत्त्यामागे प्रश्नचिन्ह, कंटेंट्स, बरोबर, एक असं लिहा. वेब पार्टची यादी असलेलं पान येतं, तिथून आपला वेब पार्ट काढता येतो.

ऑनलाइन असाल तर

मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या मॉडर्न लिस्टमध्ये वरचं जवळपास काहीच लागू नाही. जेएसलिंक दुर्लक्षित होतो, पानावर स्क्रिप्ट टाकायला जागा नाही. क्लासिक साइटवर अ‍ॅडमिनने कस्टम स्क्रिप्ट चालू केली तरी २०२४ पासून ती परवानगी २४ तासांत आपोआप मागे घेतली जाते. कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये एचटीएमएल कोंबायची जुनी युक्ती तर २०१७ मध्येच बंद झाली. अशा युक्त्यांवर कामकाज उभं करू नये ते याचसाठी.

बिल्ले आणि रंग जेसन फॉरमॅटिंगने (कॉलम कसा दिसावा याचे नियम मजकुरात लिहून देणं) होतात. त्यात गोंधळ होतो तो एकाच ठिकाणी: शेजारच्या कॉलमचं मूल्य वापरलं असेल तर तो कॉलम व्ह्यूमध्ये असायलाच हवा, नाहीतर मूल्य रिकामं येतं. एखाद्या स्थितीत कॉलम दाखवणं-लपवणं फॉर्मच्या कंडिशनल फॉर्म्युलाने होतं. तालुक्यांची गाळणी मात्र जेसनमध्ये नाही. त्यासाठी पॉवर अ‍ॅप्सचा फॉर्म किंवा एसपीएफएक्सचा (शेअरपॉइंट फ्रेमवर्कचा) फॉर्म कस्टमायझर, जो २०२२ मध्ये १.१५ आवृत्तीपासून आहे. पॉवर अ‍ॅप्समध्ये जी अट सर्व्हरकडे सोपवता येत नाही ती सुरुवातीच्या ५०० ओळींवरच तपासली जाते (सेटिंगमध्ये २,००० पर्यंत वाढवता येतं). महाराष्ट्राचे तालुके ३५८, म्हणजे बसतात. गावांची लिस्ट करायला गेलात तर बसणार नाहीत, तिथे जिल्ह्याचा आयडी साध्या नंबर कॉलममध्ये ठेवून त्यावर फिल्टर लावा.

स्वतःच्या सर्व्हरवाल्यांसाठी तारीख एकच: २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ जुलै २०२६ पर्यंत, फॉर्म बनवायच्या इन्फोपाथचाही त्याच दिवसापर्यंत. त्यानंतर सबस्क्रिप्शन एडिशनवर जाणाऱ्यांचे क्लासिक फॉर्म आणि वरची स्क्रिप्ट चालत राहील. ऑनलाइन जाणाऱ्यांनी लिस्टवरचे नियम आणि रोमन अंतर्गत नावं तशीच न्यावीत, फॉर्म तेवढा नव्याने बांधावा.